बाबलआजोंची जागा

थोरल्या घरातला संकेत मांद्र्याला गेस्ट हाऊस चालवतो. परवा तो आमच्याकडचा एक जुना फोटो मागायला आला. काउंटरच्या मागच्या भिंतीवर मोठा करून लावायचा म्हणे, पाहुण्यांना असलं जुनंपानं आवडतं. फोटोत पाळीच्या घराचा सोपा आहे, म्हणजे पुढच्या पडवीतली दगडी बैठक, आणि तिच्यावर बसलेले दोन म्हातारे. एका बाजूला आबा, संकेतचे खापरपणजोबा, खांद्यावर धुवट पंचा, मान ताठ. दुसऱ्या बाजूला नाना, म्हणजे माझे आजोबा, आबांचे पाठचे भाऊ. त्यांची दाढी वाढलेली आहे आणि ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. दोघांच्या मध्ये एक माणूस आरामात बसेल एवढी जागा मोकळी आहे. ती जागा धाकट्या भावासाठी, बाबलआजोंसाठी, ठेवली होती, असं आमच्या घरात सांगतात. संकेतला ही गोष्ट पाठ आहे आणि फोटोखाली ती इंग्रजीतून लिहायचा त्याचा बेत आहे. मी मुकाट्याने फोटो दिला. या वयात कोणाचा उत्साह मोडायचाही कंटाळा येतो. पण ती जागा का राहिली हे आता फक्त मलाच माहीत आहे, आणि मी काही इथे कायमची राहायला आलेली नाही.

पाळीचं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. होतं म्हणते, कारण घर उभं असलं तरी डोंगर राहिलेला नाही. त्या जागी खाणीचा खड्डा आहे आणि त्यात हिरवं पाणी साचलंय. माझ्या लहानपणी त्या डोंगरातून झर यायची, थेट आमच्या न्हाणीपर्यंत, आणि तिचा आवाज घरात इतका भिनलेला होता की पाहुणे विचारायचे तेव्हाच आम्हाला तो ऐकू यायचा. सकाळी पोदेर पाव घेऊन यायचा, त्याच्या सायकलीचा भोंगा वळणावर वाजला की आई मला उठवायची. मग आबांचं खोकणं, नानांचं स्तोत्र, आणि मागच्या अंगणात बाबलआजोंचं गायीशी चाललेलं भांडण. बाबलआजो गायीशी भांडायचे, कोंबड्यांशी भांडायचे, पावसाशीसुद्धा भांडायचे. माणसांशी मात्र ते एकदाच भांडले. डोंगर खाणीला द्यायचं आबांनी ठरवलं, तेव्हा ते पडवीत उभे राहून म्हणाले, "आबा, डोंगर गेलो की झर वतली, आनी झर गेली की हांव हंगा रावचो ना." आबांना वाटलं, रागाने बोलतोय, निवळेल. झर आटली त्या वर्षी बाबलआजो खरंच गेले. त्यांची बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. पेडण्याला चोपड्यात, शापोरा नदीच्या काठी, सासुरवाडीकडून मिळालेलं एक छोटं घर आणि थोडी शेती होती, तिथे ते जाऊन राहिले.

आबा आणि नानांच्याही चुली तोवर वेगळ्या झाल्या होत्या. भिंत एकच, दारं दोन. पण गणपती एक. आमच्या भागात चूल वेगळी करतात, शेत वेगळं करतात, बोलणंसुद्धा वेगळं करतात, गणपती मात्र वेगळा करायला कोणी धजत नाही. चवथीला सगळ्यांनी मूळ घरी यायचं, मग ते मुंबईला असोत की मापशाला. वर्षभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा त्या दीड दिवसात एका पाटावर बसून नेवऱ्या लाटायच्या आणि पंचमीची रात्र सरली की पुन्हा तोंडं फिरवायच्या. मला तेव्हा हा सगळा ढोंगीपणा वाटायचा. आता वाटतं, तेवढं ढोंग होतं म्हणून घर तरी होतं.

त्या चवथीआधी ओळीने दोन वर्षं आमच्याकडे गणपती आला नव्हता. दोन्ही वेळा भावकीत कोणीतरी गेलं आणि सुतक आलं. देवाच्या खोलीत माटोळीची चौकट रिकामी लोंबत राहिली. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेलं लाकडी छत, त्याला रानातली फळं, फुलं, सुपारीचे शिपटे बांधायचे. आबांनी मनाला लावून घेतलं. डोंगर दिला म्हणून देव रुसला, असं ते उघड बोलत नव्हते, पण त्यांच्या जेवणावरून कळायचं. हाडाची काडं झाली होती. तिसऱ्या वर्षी त्यांनी चोपड्याला निरोप धाडला, "गणपती येता, तूंय यो." आणि काय आश्चर्य, बाबलआजोंचा होकार आला. चवथीला येईन, म्हणाले. आबांनी लगेच साखळीचा फोटोवाला ठरवला. तिघे भाऊ एका फोटोत कधी आलेच नव्हते. आबा आणि नानांना नवी धोतरं आली, आणि एक बाबलआजोंसाठी घडी करून ठेवलं गेलं.

सुतकाचं आमच्याकडचं गणित सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सुतक मरणाने लागत नाही, ते ऐकण्याने लागतं. भाऊ लांब कुठे गेला आणि तुमच्या कानावर आलं नाही, तर तुम्ही मोकळे. पूजा करा, गोडधोड खा, काही बिघडत नाही. कानावर आलं की त्या क्षणापासून तुम्ही बाटलात, आणि तुम्ही शिवलेला माणूसही बाटला. त्यामुळे चवथीच्या तोंडावर कोणी गेलं तर जाणती माणसं निरोप अडवून धरायची. विसर्जन झालं की मगच सांगायचं. यात कोणाला लबाडी वाटत नसे, उलट त्याला समजूतदारपणा म्हणत.

तयेचा दिवस होता, चवथीच्या आदला. बायकांचा उपास. मागच्या पडवीत आई आणि थोरली काकी खोबरं खवत होत्या, देवाच्या खोलीत बाबा आणि वसंतकाका माटोळी बांधत होते. वसंतकाका आबांचा मुलगा, खाणीवर जीप चालवायचे. पावसाळ्यात खाण बंद म्हणून जीप आमच्या अंगणातच उभी असायची, ताडपत्री पांघरून. नाना पुढच्या सोप्यावर घुमटाचं कातडं बोटांनी चाचपत बसले होते. आरतीला घुमट वाजवायचा मान त्यांचा. मी त्यांच्याजवळ बसून माटोळीसाठी कांगणांच्या रानफळांचे घोस सुतळीला बांधत होते. पाऊस नुकताच थांबला होता.

तेवढ्यात अंगणाच्या कडेला फणसाखाली एक माणूस येऊन उभा राहिला. अनवाणी, डोक्याला काही नाही, नखशिखान्त भिजलेला. आत आला नाही. आमच्याकडे मेल्याचा निरोप आणणारा माणूस असाच येतो. तो पायरी चढत नाही, घरचं पाणी घेत नाही. मला ते तेव्हा सुचलं नाही. मी आपली गूळपाणी आणायला उठले. नाना उठून पायरीपर्यंत गेले. त्यांचं काय बोलणं झालं ते मला पुढे कळलं.

"चोपड्यासून इलंय," तो माणूस म्हणाला. "बाबलअण्णा..." आणि त्याने मनगटाने डोळे पुसले.

नानांनी हात वर केला. तळवा त्याच्याकडे, जसा बैलाला थांबवायला करतात तसा. "पुढें उलय नाका," ते हळू म्हणाले. "कोणाक कांय सांगूं नाका. वच."

"पण नाना..."

"म्हाका आयकूंक येवंक ना. वच तूं."

मी आतून तांब्या घेऊन आले तोवर तो माणूस वळणापाशी पोचला होता. मी विचारलं, कोण होता? नाना म्हणाले, वाट चुकला होता. मग ते सोप्याच्या अगदी टोकाला जाऊन बसले. घुमट जिथे होतं तिथेच राहिलं, त्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं की पाठीत उसण भरलीय. जेवायला आत येणार नाही, सोप्यावरच पेज द्या. पेजेची वाटी माझ्या हातून घेतली नाही, खाली ठेव म्हणाले. चवथीला गणपती बसला, घर धुपाने आणि हळदीच्या पानांच्या वासाने भरून गेलं, आरतीला माणसं दाटली, आणि घुमट वसंतकाकांनी वाजवलं, वेडंवाकडं. नाना अंगणात उभे राहून ऐकत होते. आरतीचं तबक घेऊन मी बाहेर गेले तर दोन पावलं मागे सरले. पातोळ्या, खतखतं, मुगाच्या गाठी, काही म्हणून त्यांनी तोंडाला लावलं नाही. थोरली काकी आईला ऐकू जाईल असं बोलली, "बाबल येता म्हणून पोटांत दुखता हांच्या." आईने ऐकून घेतलं. मला नानांचा राग आला. तीन वर्षांनी देव घरी आला आणि हे रुसून बसलेत, असं मला वाटलं.

ऐकलं नाही असं सांगून त्यांनी घराला मोकळं ठेवलं होतं. स्वतःला मात्र त्यांना फसवता आलं नाही. एकटेच सुतक पाळत होते, तेही कोणाला कळू न देता. हे मला नंतर उमगलं, आणि उमगल्यावर त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

फोटोवाला दुपारी आला. आबा केव्हाचे नवं धोतर नेसून सोप्यावर बसले होते, नजर वळणावर. फेरीबोट उशिरा सुटली असेल, शिवोलीला बस मिळाली नसेल, असं स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच मान डोलवायचे.

"बाबल येवंक ना मरे अजून?" त्यांनी नानांना विचारलं.

आबांनी पुन्हा वळणाकडे पाहिलं.

"तुका कितें दिसता, येतलो मरे तो?"

"येतलो," नाना म्हणाले. मी तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी वळणाकडे बघत होते, सगळेच बघत होते.

फोटोवाल्याला अजून दोन घरी जायचं होतं. तो घड्याळ बघायला लागला. शेवटी आबा म्हणाले, काढ बाबा, दोघांचा काढ, तो आला की परत काढू. नाना टोकाला बसले होते. फोटोवाला म्हणाला, जवळ सरा. आबांनी हाताने जागा थोपटली, "लागीं सर." नाना हलले नाहीत. फोटोवाल्याने पुन्हा सांगितलं. तेव्हा नाना म्हणाले, "बाबलाक जागो जाय मरे." आबांचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. त्यांना वाटलं, नानाचा राग गेला. ते ताठ बसले. फोटो निघाला. संकेतची गोष्ट इथून सुरू होते आणि इथेच संपते, आणि ती गोड आहे यात वाद नाही.

पंचमीच्या संध्याकाळी गणपती पोचवायला ओहोळावर गेलो. खाणीच्या मातीने ओहोळ तांबडा झाला होता, मूर्ती बुडताना दिसलीच नाही. माणसं परतायला लागली. नाना अंगावरच्या कपड्यांनिशी कमरेइतक्या पाण्यात उतरले, डुबकी मारली आणि काठावर उभ्या असलेल्या आबांना म्हणाले, "आबा, बाबल गेलो."

"खंय गेलो?" आबांनी विचारलं.

नानांनी पुन्हा डुबकी मारली. मग आबांना कळलं. ते तिथेच ओल्या खडकावर बसले. "केन्ना?"

"तयेच्या दिसा. चोपड्याचो मनीस आयिल्लो."

"आनी तूं तोंड धरून बसलो?"

"गणपती बसपाचो आसलो, आबा. तुजे हाल दोळ्यांनी पळोवंक जायनासले."

आबा उठून पाण्यात उतरले. त्यांनी नानांचा ओला दंड धरला. "बरें केलें," ते म्हणाले. "तुका एकट्याक खूब जड गेलें आसतलें." नाना तेव्हा लहान मुलासारखे रडले. दोन म्हातारे एकमेकांना धरून तांबड्या पाण्यात उभे होते. एकमेकांवर भाऊ म्हणून माया करताना मी त्यांना पाहिलं ते त्या संध्याकाळी, आणि ते शेवटचं. दुसऱ्या दिवसानंतर ते वारेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. पुढच्या चवथीला आबांच्या मुलांनी गणपती आपल्या नव्या घरी नेला. आमच्या बाजूला माटोळीची चौकट राहिली, ती वाळवीने खाल्ली. आबा गेले तेव्हा नाना सुतकाला बसले, पण खांदा द्यायला त्यांना कोणी बोलावलं नाही. त्या दीड दिवसासाठी नानांनी जे वाचवायला म्हणून केलं, ते सगळं गेलं, काडीन्काडी गेलं. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं की माणसाने चांगल्या मनाने केलेलं वाया जात नाही. मी खोटं शिकवलं.

षष्ठीला सकाळी आम्ही जीपने चोपड्याला निघालो. पुढे वसंतकाका आणि आबा, मागे नाना, आई आणि मी. घर आवरायला बायकामाणूस हवं म्हणून आम्हाला घेतलं होतं. आता शिवोलीहून चोपड्याला पूल आहे, गाडी कधी नदी ओलांडते कळतही नाही. तेव्हा फेरीबोटीची वाट बघावी लागायची. धक्क्यावर आबांनी ओळखीच्या माणसाजवळ उदबत्ती आणि फुलं मागून घेतली. नाना रिकाम्या हातांनी बसले होते.

बाबलआजोंचं घर माडांत होतं, शेणाने सारवलेलं, स्वच्छ. खाट अंगणात उभी करून ठेवली होती, वाकळ दोरीवर वाळत होती. फणसाखाली उभा राहिलेला तो माणूस तिथे अंगण झाडत होता. पांडू त्याचं नाव, सावंतवाडीकडचा, बाबलआजोंच्या शेतावर मजुरीला होता. आम्हाला बघून त्याने केरसुणी खाली टाकली.

"कोणें उजो दिलो ताका?" आबांनी विचारलं.

"अग्नी मियां दिलंय," पांडू म्हणाला. "काल सकाळी अण्णा गेले, दुपारी दिलो."

आबांना वाटलं, गडबडीत दिवस चुकतोय. "काल न्हय. तयेच्या दिसा गेलो न्हय तो?"

पांडू आबांकडे बघत राहिला, मग नानांकडे. "तयेक अण्णा जित्ते होते," तो म्हणाला. "अण्णांनीच माका धाडलेल्यानी. पोट फुगलेलां, लघवी बंद झालेली. मापशाक इस्पितळात व्हराक जीप घेवन येवा, म्हणान सांगाक इललंय. ह्यांनी माका बोलाक खंय दिल्यानी?"

माडांतून वारा येत होता, दोरीवरची वाकळ हलत होती. आईने माझा हात घट्ट धरला.

"मगे तूं भायर कित्याक रावलो?" वसंतकाकांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "सोप्यार येवन सांगूंक जायनासलें?"

"पाय चिखलान भरलेले," पांडू म्हणाला. "तुमचा अंगण सारवलेला, गणपती येवचो होतो. म्हणान भायर रवलंय."

मग तो हळूहळू सगळं बोलला, कोणी विचारलं नाही तरी. परत आला तेव्हा बाबलआजोंनी पहिलं विचारलं, येताहेत ना? भावांनी हाकलून दिलं असं त्या दुखणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? "येतत, म्हणान सांगलंय." झालं, त्यानंतर बाबलआजो कोणाचं ऐकेनात. चवथीला शेजाऱ्यांनी ठरवलं, खाटेवर घालून फेरीपर्यंत नेऊ, पलीकडे काहीतरी वाहन मिळेल. ते खाट धरून बसले. आबाची जीप येतेय, चुकामूक होईल, म्हणाले. दुपारभर नदीच्या बाजूला कान लावून होते. फेरीबोटीचा आवाज आला की उठायला बघायचे.

म्हणजे ज्या घटकेला पाळीत फोटो निघत होता, त्या घटकेला ते जिवंत होते आणि आमची वाट बघत होते. आम्ही वळणाकडे बघत होतो, ते नदीकडे. पुढे मापशाच्या एका डॉक्टरांना बाबांनी विचारलं. नळी घातली असती तर बहुतेक वाचले असते, असं ते म्हणाले. हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं मला नेहमी वाटत आलंय.

आबांनी हातातली फुलं अंगणातल्या तुळशीपाशी ठेवली. मग वळून नानांना म्हणाले, अगदी शांतपणे, "नाना, तुवें सुतक कोणाचें पाळ्ळें?"

आणि ते जीपमध्ये जाऊन बसले. वसंतकाका त्यांच्यामागे गेले. आई आणि मी तिथेच उभ्या राहिलो. घर आवरायला आलो होतो, पण आवरायला काही नव्हतं. भांडी घासून पालथी घातलेली होती.

नाना पांडूच्या समोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, हे आता त्याचे पाय धरणार. त्यांनी धरले नाहीत. दोन्ही हात जोडून, शाळेतला मुलगा मास्तरांपुढे उभा राहतो तसे ते उभे राहिले.

"पांडू," ते म्हणाले, "त्या दिसा तूं कितें सांगूंक आयिल्लो, तें आतां सांग. सगळें सांग."

"आता कित्याक, नाना?"

"सांग. हांव आयकतां."

पांडूने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि निरोप्या माणसाच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत, तो म्हणाला, "बाबलअण्णांच्या पोटात दुखता. लघवी बंद झाली. जीप घेवन बेगीन येवा. असो अण्णांचो निरोप आसा."

नानांनी शेवटचा शब्द होईपर्यंत ऐकलं. मान हलवली.

"बरें," ते म्हणाले. "ताका सांग, येतां म्हणून."